एकूण नग चौदा

नांदेडच्या विमानतळावर सामान येतं तो पट्टा तसा लहानच आहे. मोहनसिंग आडे सर त्याच्यासमोर उभे राहून तो फिरताना पाहत होते. पहिल्या तीन फेऱ्यांत लोकांच्या बॅगा गेल्या. चौथ्या फेरीत गुरुद्वाऱ्याला आलेल्या एका कुटुंबाची तबल्याची पेटी गेली. मग सुतळीनं बांधलेलं एक खोकं तेवढं उरलं. ते दर मिनिटाला सरांसमोरून जायचं आणि सर दर वेळी त्याच्यावरचं नाव वाचायचे, न जाणो मागच्या फेरीत चुकीचं वाचलं असेल. अकराव्या फेरीला खोक्याचा मालक कुठूनसा आला आणि ते उचलून चालता झाला. मग पट्टाही थांबला. सर मात्र पाहतच होते.

"आता काय त्यातून नवी बॅग उगवणार हाय का?" नीलाबाई म्हणाल्या. "चला, इचारू कुणाला तरी."

आपली बॅग हरवणं शक्यच नाही, असं सरांचं ठाम मत होतं आणि त्या मताला आधार होता. सर हट्ट्याजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. तीस वर्षांत त्यांनी ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत एकोणीस निवडणुका पार पाडल्या होत्या, आणि त्यांच्या केंद्रावरची पेटी कधी, एकदाही, कुणी बोट दाखवावं अशी आली नव्हती. वस्तू बांधावी कशी, सील कसं करावं, यादी कशी करावी, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. घरातून डबा बाहेर गेला तरी त्याच्या झाकणावर नाव असायचं. लोणच्याच्या बरणीवर तारीख आणि सही असायची.

त्यामुळे बंगळुरूहून निघताना, योगेशच्या म्हणजे मुलाच्या फ्लॅटमध्ये, सरांनी ती लाल बॅग आधी कुलूपबंद केली, मग पांढऱ्या मांजरपाटात दाभणानं शिवून काढली आणि चारी कोपऱ्यांवर लाखेचं सील मारलं. लाख गॅसवर वितळवताना धुरानं छतातली घंटा वाजायला लागली आणि खालचा वॉचमन विझवायचं नळकांडं घेऊन वर आला, पण सरांनी सील अर्धवट सोडलं नाही. मांजरपाटावर निळ्या शाईत नाव, मुक्काम, तालुका, जिल्हा आणि खाली 'एकूण नग १४'. फेट्या म्हणजे घागरा एक, कांचळी म्हणजे चोळी एक, साड्या सहा, शर्टाची कापडं चार, मिठाईचे डबे दोन. या यादीच्या तीन प्रती. एक बॅगेत, एक योगेशकडे, एक सरांच्या खिशात. "बाबा, हे विमान आहे, मतपेटी नाही," असं योगेश म्हणाला होता. नव्या पिढीला पद्धतीचं महत्त्व कळत नाही, हे सरांनी तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं होतं.

आणि एवढं सगळं करून ती बॅग आली नव्हती.

विमान कंपनीच्या खिडकीवर आकांक्षा नावाची मुलगी होती. ती वागायला गोड होती, पण तिच्यापुढचा संगणक गोड नव्हता. तिनं विचारलं, "बॅगेचा रंग?"

"आतला की बाहेरचा?"

"बॅगेचा, सर."

"बॅग लाल आहे. पण ती दिसत नाही. दिसतं ते पांढरं मांजरपाट."

"मग पांढरा लिहू?"

"पांढरा लिहिलात तर बॅग लाल आहे ही बाब रेकॉर्डवर येत नाही."

संगणकाला एकच रंग चालत होता. शेवटी आकांक्षानं 'इतर' निवडलं. बॅगेच्या प्रकारासाठी तिनं सव्वीस चित्रांचा एक तक्ता सरांपुढे धरला. चाकांच्या बॅगा, बिनचाकांच्या बॅगा, पेट्या, खोकी, सगळं होतं. मांजरपाटात शिवलेलं काही नव्हतं. तिथेही 'इतर'. कंपनी? सरांनी सांगितलं की बॅग योगेशच्या लग्नातल्या आहेरात आली होती आणि कंपनीची पट्टी नीलाबाईंनी नातवाला खेळायला दिली. 'इतर'. आपली बॅग जगातल्या सगळ्या बॅगांहून इतर आहे याचं सरांना क्षणभर बरंही वाटलं. पण ती सापडायला त्याचा उपयोग होईना.

"हैदराबादला विमान बदललंत ना, तिथं राहिली असणार," आकांक्षा म्हणाली. "शोध चालू आहे. दोन दिवसांत घरपोच येईल."

सरांनी तक्रारीची पावती घेतली, तिची तिथेच दुसरी प्रत मागितली आणि दोघं वसमतच्या गाडीत बसले. अर्ध्या रस्त्यात नीलाबाई म्हणाल्या, "याडीला काय सांगायचं?"

पट्ट्यासमोर उभे असल्यापासून सर हाच प्रश्न टाळत होते.

याडी म्हणजे सरांची आई, भिकाबाई. वय ब्याऐंशी. औंढ्याच्या रस्त्याला सरांचा तांडा आहे, तिथे राहते. आणि त्या बॅगेतला फेट्या तिचा होता. आरसे, कवड्या, नाणी टाकून शिवलेला तो घेरदार घागरा तिनं स्वतःच्या हातानं, लग्नाआधी तीन पावसाळे बसून शिवला होता. घरातल्या प्रत्येक लग्नात ती तो घालायची आणि एरवी कुणाला त्याच्याकडे बोट करू द्यायची नाही. आता येत्या रविवारी सरांच्या मुलीचं, शिलाचं लग्न होतं. त्यात शेवटचा घालायचा आणि मांडवातच शिलाच्या ओटीत टाकायचा, असं भिकाबाईंनी साऱ्या तांड्याला सांगून ठेवलं होतं. "त्याच्याबिगर म्या मांडवात पाय ठिवणार न्हाई," हेही सांगून ठेवलं होतं, आणि भिकाबाईंनी बोललेलं फिरवल्याचं तांड्यात कुणाला आठवत नव्हतं.

मग तो बंगळुरूला गेला कसा? तर सरांच्या हौसेनं. योगेशच्या सोसायटीत पाडव्याचा कार्यक्रम होता आणि त्यात सरांचं भाषण होतं, विषय 'लदेणी ते लॅपटॉप'. आमच्या पूर्वजांनी हजारो बैलांवर मीठ आणि धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला, पण एक गोणी कधी गहाळ झाली नाही, असं सर त्या भाषणात म्हणाले. टाळ्या झाल्या. टेबलावर फेट्या मांडून ठेवला होता, त्याचे लोकांनी फोटो काढले. तो नेण्यासाठी सर चार दिवस आईच्या मागे लागले होते आणि पाचव्या दिवशी तिनं तो काढून देताना एवढंच म्हटलं होतं, "ने. पन बराबर आन." तेच चार शब्द आता गाडीच्या प्रत्येक खड्ड्यात सरांच्या कानात वाजत होते.

"काही सांगायचं नाही," सर म्हणाले. "दोन दिवसांत येतोय. उगाच म्हातारीला तकलीफ कशाला?"

वसमतला कॉलनीत पोचेपर्यंत शेजारचे हरीशराव फाटकात उभेच होते. हरीशराव तहसीलमध्ये कारकून. त्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही, पण विमानासंबंधी त्यांना माहीत नाही असं काही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सर, तुमी चूक केली. सील काहून मारलं? सील पाहिलं की लोकायला वाटतं, आत काहीतरी हाय."

"आत काहीतरी होतंच."

"तेच तर म्हणून राहिलो. माझ्या साडूची बॅग दुबईला ऱ्हायली तर सहा महिन्यांनी आली, आन त्यात दुसऱ्याच माणसाचे बूट." आणि मग थोडं थांबून, "पन सर, लदेणीत एक गोणी गहाळ झाली न्हाई, व्हय ना? तुमचा व्हिडिओ पाहिला म्या."

हरीशरावांच्या पत्नी आशाबाईंनी नागनाथाला अभिषेक बोलायला सांगितलं. समोरच्या बिऱ्हाडातून निरोप आला की थेट मंत्र्याला लिहा. सरांनी अभिषेक बोलला आणि अर्जाचा मसुदाही केला, चार पानी, परिशिष्टासह. पण मंगळवार उजाडला तरी बॅगेचा पत्ता नव्हता, आणि सकाळीच भिकाबाईंचा फोन आला.

मायलेकांची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा; इथे ती मराठीत दिली आहे. सरांच्या मते त्यामुळे आईची जरब निम्म्यानं कमी वाटते, तेवढी वाचकांनी भरून घ्यावी.

"फेट्या आनला का?"

"आणला की," सर म्हणाले, आणि त्यांना वाटलं आता पुढे काहीतरी बोललं पाहिजे. इथेच घोटाळा झाला. गप्प बसले असते तर निभावलं असतं. "नांदेडला पॉलिशला दिलाय, याडी. नाणी काळी पडली होती ना."

"पॉलिश? मला न इचारता?"

"उद्या मिळेल."

बुधवारी तिनं पुन्हा विचारलं. सरांच्या शाळेत त्या दिवशी केंद्रप्रमुख आले होते, त्या गडबडीत त्यांनी सांगून टाकलं की पॉलिशवाल्याचं दुकान बंद आहे, त्याचे काका वारले. तीस वर्षांच्या नोकरीत सरांनी पटावर एक खोटं नाव लावलं नव्हतं, आणि आता त्यांनी दोन दिवसांत एक दुकान काढून त्यातला एक माणूस मारलाही होता.

"अरे देवा," भिकाबाई म्हणाल्या. "कधी?"

"काल."

"मंग त्याच्या घरी सुतक हाय. सुतकाच्या घरातलं कापड लगनघरात कसं आनायचं?"

हे सरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. फेट्या उद्या सापडला तरी आता तो तेरा दिवस घरात येऊ शकत नव्हता. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांना घाम फुटला. केंद्रप्रमुखांना वाटलं तपासणीचा आहे, आणि ते म्हणाले, "घाबरू नका सर, शेरे चांगलेच देतो." दुपारच्या सुट्टीत सरांनी आईला परत फोन केला आणि सांगितलं की काका वारले नाहीत; वारले असं वाटलं होतं, पण दवाखान्यात नेल्यावर वाचले. आता बरे आहेत, पेज घेतात. नीलाबाईंना हे संध्याकाळी कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना आता जित्ते ठेवा. रविवारपर्यंत तरी."

आणि याच बुधवारी ते फोन सुरू झाले.

त्याआधी एक सांगायला हवं. सर तालुक्याचे सायबर जनजागृतीचे मार्गदर्शक आहेत. दोनशे शिक्षकांना त्यांनी प्रशिक्षण दिलंय, प्रमाणपत्र दिवाणखान्यात लावलंय. अनोळखी माणूस फोन करतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये संशयास्पद वस्तू सापडली म्हणतो, मोठ्या अधिकाऱ्यासमोर व्हिडिओ कॉलवर या म्हणतो, आधारचा फोटो मागतो. हे चार टप्पे सर फळ्यावर लिहून दाखवायचे आणि शिक्षकांकडून पाठ म्हणवून घ्यायचे.

तर फोन आला. एक बाई, हिंदीत, फार अदबीनं. "मोहनसिंग आडे जी? आपके बैग में कुछ संदिग्ध वस्तु दिखी है."

पहिला टप्पा. सर सावरून बसले.

"बैग बेंगलुरु में हमारे सुरक्षा विभाग में है. आपको वीडियो कॉल पर आना पड़ेगा. और आधार की फोटो—"

सरांना इतका आनंद झाला की बॅगेचा घटकाभर विसरच पडला. गेले दोन दिवस ते घाबरून होते. आता एकदाचा त्यांच्या अभ्यासक्रमातला प्रश्न आला होता. बॅग हैदराबादला आहे हे आकांक्षानं सांगितलेलं, आणि ही बाई म्हणते बंगळुरू. "मॅडम," सर म्हणाले, "आप गलत आदमी को फोन लगाए. मैं खुद इसका प्रशिक्षण देता हूँ." त्यांनी तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं की एवढा चांगला आवाज आहे, शिक्षण आहे, मग असला धंदा का करता, आईवडिलांना काय वाटत असेल. मग तिचा नंबर ब्लॉक करून टाकला.

हरीशराव म्हणाले, "पाहा, त्यायला कसं कळतं बॅग हरवली ते? समदी माहिती त्यायच्याकडं आधीच असते." हे प्रशिक्षणात होतंच. गुरुवारी दुपारपर्यंत चार नंबरांवरून अकरा फोन आले. एकदा त्याच बाईचा आवाज होता, आता तितका अदबीचा राहिला नव्हता. सरांनी चारही नंबर शाळेच्या गटावर, कॉलनीच्या गटावर आणि तांड्याच्या गटावर टाकले: 'सावधान. खालील क्रमांक उचलू नयेत.' खाली दीडशे अंगठे आले. आठवड्यात पहिल्यांदाच सरांना जेवण गेलं.

चार वाजता योगेशचा फोन आला. "बाबा, तुम्ही कंपनीच्या सुरक्षा अधिकारी बाईंना काय बोललात?"

सर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी माझे आईवडील काढले. बाबा, बॅग इथंच आहे. सोमवारपासून इथंच आहे. यंत्रात आत धातू दिसला, वरून लाखेचं सील. त्या तुमची परवानगी मागत होत्या. तुमचा फोन लागेना म्हणून फॉर्मवरचा माझा नंबर लावला. मी आता त्यांच्यासमोरच उभा आहे."

सरांनी डोळे मिटून घेतले. तीन गटांवरचा तो संदेश मागे घेण्याचा प्रयत्न त्यांनी नंतर केला, पण तो आठ गटांवर पुढे गेला होता.

"मग उघडा म्हणावं. काय ते पाहा आणि पाठवा."

"उघडली. पण त्यांना प्रत्येक धातूची नोंद लागते. काय आहे, कशासाठी आहे, माहीतगार माणसानं सांगायचं. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा."

व्हिडिओ सुरू झाला. खाकी रंगाच्या टेबलावर फेट्या पसरला होता आणि त्याच्या मागे ती बाई उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिनं पेन्सिलीच्या टोकानं घेरावरच्या काळ्या मण्यांकडे बोट केलं. "ये क्या है?"

"अलंकरण," सर म्हणाले. "पारंपरिक अलंकरण."

"किस धातु का?"

सरांनी भाषणात यावर अर्धा तास घालवला होता. आता त्यांना एक शब्द सुचेना. किती मणी, कोणता धातू, ती चपटी पट्टी कशाची, ती आतून का लावलीय? प्रत्येक प्रश्नाला सर 'परंपरा' म्हणत राहिले आणि बाईच्या वहीत तो शब्द काही उतरेना. शेवटी ती म्हणाली, ज्यांनी शिवलं त्यांना बोलवा. उद्या सकाळी दहाला. उद्या नोंद झाली तर शनिवारच्या विमानात बॅग निघेल. नाही तर सोमवारी.

सोमवारी शिला सासरी असणार होती. आता आईला सांगण्यावाचून इलाज नव्हता.

शुक्रवारी सकाळी सर आणि नीलाबाई तांड्यावर पोचले. भिकाबाई अंगणात लग्नाचे गहू निवडत बसल्या होत्या, शेजारी शिला होती. सर समोर जाऊन उभे राहिले, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे. "याडी, फेट्या पॉलिशला नाही. विमानात राहिला. सोमवारपासून."

भिकाबाईंचा हात सुपात थांबला. "मंग तो पॉलिशवाला?"

"पॉलिशवाला नाही."

"आन त्याचा काका?"

"काका पण नाही."

"त्या काकासाठी म्या दोन दिस हात जोडून राहिले," भिकाबाई म्हणाल्या. शिलानं तोंड फिरवलं. ती रडतेय की हसतेय ते सरांना कळलं नाही. "चार दिस झाले, मोहन. बैल चुकला तर पहिल्यांदा वरडायचं असतं, म्हंजी समदे हुडकतेत. तू गप बसला. मला भेऊन?"

"हो," सर म्हणाले. सत्तावन्न वर्षांचा मुख्याध्यापक, पण खोटं बोलायचं त्राण संपलं होतं.

तांड्यात नेटवर्क येतं ते फक्त सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर. त्यामुळे दहा वाजता भिकाबाई ओट्यावर बसल्या, नीलाबाईंनी फोन धरला आणि भोवती सगळा तांडा जमला. सरांची अब्रू गुपचूप जाण्याची सोय नव्हती. पलीकडे बाई पेन्सिल घेऊन तयार होती. ती विचारायची हिंदीत, सर भाषांतर करायचे, आणि भिकाबाई फोनमध्ये डोकं घालून सांगायच्या.

"ते जस्ताचे मणी. घेराला वजन पडावं म्हून. न्हाई तर नाचताना उडतो. एकशे बारा असतील, मोज म्हनाव." बाईनं मोजले. एकशे बारा भरले. "ती पट्टी कथलाची, माझ्या बापानं ठोकली. ती नाणी निजामाच्या राज्यातली, माझ्या मायच्या गळ्यातली. तो आरसा फुटका हाय त्यो आदीपासून फुटका हाय, मोहन ल्हान असताना त्यानं दगड मारला." बाई लिहीत होती. लिहिता लिहिता तिचे घट्ट मिटलेले ओठ सैल झाले. "माताजी को सब याद है," ती म्हणाली. ओट्यावर कुणीतरी टाळी वाजवली. सर भाषांतर करत होते आणि मनातल्या मनात आपल्या भाषणाची पानं एकेक करून फाडत होते.

"बस, एक आखिरी," बाई म्हणाली. तिनं फेट्याची कंबर उलटी करून दाखवली. नेफ्याच्या आत, दुहेरी कापडात, काहीतरी गोल होतं. यंत्रात त्याला मागे एक टाचणीही दिसत होती. "ये सिक्का नहीं है. ये क्या है? नहीं तो सिलाई काटनी पड़ेगी."

"कापू द्या," सर म्हणाले. "कापून पाहा म्हणावं. वेळ नाही."

"कापायचं न्हाई," भिकाबाई म्हणाल्या.

"याडी, मग सांग काय आहे ते."

आतापर्यंत पट्टीपट्टीचं नाव सांगणाऱ्या भिकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग त्यांनी लोकांकडे पाहिलं. "तुमी समदे जावा बरं जरा." आणि तांडा उठला. शिलाही उठली. फोन धरून नीलाबाई राहिल्या आणि भाषांतराला सर.

"तुझा बिल्ला हाय त्यो," भिकाबाई म्हणाल्या.

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. पत्र्याचा, लाल अक्षरांत 'वर्गप्रमुख' लिहिलेला. चौथीत मिळालेला. वर्ष संपताना तो गुरुजींना परत द्यायचा होता, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी तो सदऱ्यावर नव्हता. त्यांनी शाळेपासून तांड्यापर्यंतची वाट तीनदा पालथी घातली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर पाच छड्या खाल्ल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी वसमतच्या बोर्डिंगला गेले होते. वस्तू सांभाळता न येणारा मुलगा, असं गुरुजी म्हणाले होते. त्यानंतर सरांनी सुतळीचा तुकडासुद्धा नाव घातल्याशिवाय ठेवला नव्हता.

"तू हुडकत होतीस माझ्यासंगं," सर म्हणाले. त्यांचीही बोली आपोआप तांड्याची झाली. "कंदील घेऊन. नाल्यापर्यंत."

"व्हय. कमरेला खोवला व्हता, आन हुडकत व्हते." भिकाबाई सरांकडे पाहत नव्हत्या. "तू बोर्डिंगला जाणार व्हतास. परत कधी येतो काय म्हाईत. मला काहीतरी पाहिजे व्हतं तुझं. मला काय ठावं, परत द्यायचा असतो म्हून? मार बसल्यावर कळलं. मंग कोणत्या तोंडानं सांगू? लय बसला व्हता का?"

"नाही," सर म्हणाले. "फार नाही."

"क्या बोल रही हैं माताजी?" फोनमधून बाईनं विचारलं.

सरांनी फोनकडे तोंड केलं. "मॅडम," ते म्हणाले, "वो मेरा है. टिन का बिल्ला है. स्कूल का." 

"आपका? आपकी लिस्ट में तो नहीं लिखा."

"मुझे मालूम नहीं था."

बाईनं वही पुढे ओढली. तिनं काय लिहिलं ते दिसलं नाही. "काटूँ नहीं ना फिर?"

"नका कापू," सर चक्क मराठीत म्हणाले. तिला ते समजलं.

शनिवारी सर नांदेडला जाऊन बॅग घेऊन आले. मांजरपाट फाटलेलं होतं, सीलं तुटलेली होती, वरून कंपनीची पिवळी चिकटपट्टी गुंडाळली होती. सर येताना ती मांडीवर घेऊनच बसले; पण परत शिवली नाही.

रविवारी मांडवात हलगी वाजायला लागली आणि भिकाबाई घरातून बाहेर आल्या. फेट्याचा घेर जमिनीला टेकत होता, ऊन आरशांवर पडून छताच्या कापडावर नाचत होतं. चालताना तिचा एक हात कमरेवर होता. वय झालं, असं पाहुण्यांना वाटलं असेल. तिनं शिलाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग गर्दीत सर कुठे आहेत ते शोधलं. सर खांबाशी उभे होते. त्यांना नाक पुसावं लागलं.

हरीशराव नेमके तेव्हाच शेजारी आले. हातात पंगतीचा लाडू होता. "सर, बॅग बराबर मिळाली ना? मोजून घेतलं का? कमी तर न्हाई काही?"

"कमी नाही," सर म्हणाले. "एक नग जास्त निघाला."

हरीशरावांचा लाडू तोंडापाशी थांबला. "जास्त? मंग त्यो परत करावा लागंल, सर. नियम हाय तसा."

"असेल," सर म्हणाले. "या वेळी नाही करणार."